उरकुडाजींच्या कानासमोरून

गोंदियाजवळच्या कुडव्यात माझ्या सायकलीला सगळेच नावं ठेवतात. तिचं मागचं चाक फेऱ्याला एकदा खर्र करतं. फेरा पुरा झाला की खर्र, पुन्हा फेरा, पुन्हा खर्र. भाजीवाला म्हणतो, "आजी, किसी को दिखा दो ना इसको." सून म्हणते, "आई, तुम्ही चौकात वळलात की मी इकडे चहा टाकते." मी दोघांनाही सांगते, दाखवून झालं. ज्याला दाखवायला हवं होतं, त्यालाच दाखवलं.

त्या माणसाला मी आयुष्यात दोनदा फसवायला गेले आणि दोन्ही वेळा पकडली गेले. पहिल्या वेळी तेवीस वर्षांची होते, म्हणून स्वतःला माफ करून टाकलं. दुसऱ्या वेळी सत्तरची होते.

उरकुडाजींचं दुकान सौंदडच्या स्टेशनाबाहेर होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, त्यापुढे चिंचेचं झाड, आणि झाडाखाली पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. आसपासच्या गावांतली माणसं सकाळी सायकलीनं यायची, सायकल तिथं लावायची आणि पॅसेंजरनं गोंदियाला जायची. ती कचेरीत, कोर्टात, दवाखान्यात बसलेली असत तोवर इकडे त्यांची सायकल उलटी होऊन पडलेली असे. संध्याकाळी उतरले की सायकल सुलटी, साफ, चेनला तेल. "तुमी तुमचं काम करा, ते तिचं करते," असं ते म्हणायचे. म्हणजे दुरुस्ती ते नव्हे, सायकल स्वतःच करून घेते.

त्यांच्या नावाची गोष्ट आमच्या भागात नवी नाही. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिसरं जन्मल्याबरोबर आईनं ते उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचललं. यमाला वाटावं, हे तर टाकलेलंच पोर आहे, ह्याला काय न्यायचं. नाव पडलं उरकुडा, म्हणजे उकिरड्यावरचा. "मलेच टाकून उचललं, तं मी कायले काही टाकू?" असं ते हसत म्हणायचे, आणि खरंच काही टाकायचे नाहीत. शेडच्या मागच्या भिंतीला वाकलेल्या रिंगा, एकेक पायडल, मोडक्या घंट्या टांगलेल्या असत. नवी सायकल त्यांनी कधी विकली नाही. कोणी विचारलं की स्टेशनाकडे बोट दाखवायचे. नवी हवी तर गोंदियाला जा.

माणूस ठेंगणा. खाकी अर्धी चड्डी, बाह्यांची बंडी, गुडघे कायमचे काळे. उजव्या कानामागे, शिंपी पेन्सिल ठेवतो तशी, स्पोक कसायची लहानगी चावी. ती चावी कानामागे ठेवून ते जेवायचे आणि लग्नालाही जायचे. त्यांच्या बायकोचं, भागरताबाईचं म्हणणं असं की ती चावी घेऊनच ते बोहल्यावर उभे होते. "माह्या तोंडाकडे नाही पाह्यलं इतकं ह्या मानसानं रिंगकडे पाह्यलं," ती सांगायची. उरकुडाजी म्हणायचे, "रिंग बोलत नाही ना वो."

तेवीस वर्षांची मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या मनात पाप होतं. सौंदडजवळच्या एका खेड्यात शाळेत नेमणूक झाली होती. गोंदिया शहरात वाढलेली मुलगी. केसांत रोज ताजं फूल, बोलण्यात अर्धी हिंदी, आणि आपण खेड्यावर उपकार करायला चाललो आहोत असा चेहरा. त्या चेहऱ्याचा एक फोटो अजून आहे; नातीला दाखवते तेव्हा ती विचारते, "आजी, तुझं पोट दुखत होतं का?" मला हवी होती पुढे टोपली असलेली नवीकोरी लाल लेडीज सायकल. बाबांनी दिली मावशीची जुनी. मावशी नर्स होती, वीस वर्षं त्या सायकलीवर तिनं बाळंतपणं केली होती. काळी, जड, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. मी तिचं नाव म्हैस ठेवलं होतं.

म्हैस मेल्याशिवाय लाल सायकल येणार नव्हती. मग मी तिला मारायला घेतलं. आठ दिवस रात्रंदिवस पावसात उघड्यावर ठेवली. तेवढ्यानं काही होईना, तेव्हा तांब्या घेऊन चाकांच्या मधोमध, जिथं बेअरिंगचे छर्रे असतात तिथं, रोज पाणी ओतलं. मनोभावे. तुळशीला सुद्धा मी इतक्या नेमानं कधी पाणी घातलं नाही. पंधरा दिवसांनी चाक करकरायला लागलं. मी आनंदानं ती ढकलत उरकुडाजींकडे नेली आणि सुतकी तोंड करून म्हटलं, "बघा हो, ही काही वाचणार नाही. बाबांना तसं लिहून द्याल का?"

त्यांनी चाक खोललं. गंजलेले छर्रे तळहातावर घेतले, हुंगले.

"बाई," ते म्हणाले, "पावसाचं पानी वरून पडते. हे पानी पाजलेलं आहे."

मी फूल सारखं केलं.

"विहिरीचं व्हय," त्यांनी पुढे सांगितलं. "खारं आहे. तुमच्या शाळेमागच्या विहिरीचं."

एवढंच. रागावले नाहीत, कोणाला सांगितलं नाही. सायकलीचा एकूण एक भाग सुटा करून राकेलात धुतला, आणि मला शेजारी बसवून पुसायला लावला. माझ्या नखांतला काळेपणा दिवाळीपर्यंत गेला नाही. पुसता पुसता त्यांनी मावशीच्या सायकलीतून मावशी दाखवली. डाव्या मुठीवरची झीज बघून म्हणाले, "उजव्या हातात कंदील धरून चालवत होती ही बाई. सारा भार डाव्यावर." मला ते माहीत नव्हतं. नंतर मावशीला विचारलं, तर तिनं डाव्या हाताचे घट्टे दाखवले.

तशी त्यांची नजर. सायकल बघून माणूस सांगायचे. दयाराम म्हणून स्टेशनासमोरचा पानठेलेवाला, तेव्हा पोरगेलाच, एकदा पायडल बदलायला आला. उरकुडाजींनी पायडल हातात फिरवलं आणि विचारलं, "डावा गुडघा कधीपासून दुखून राहिला गा?" दयाराम म्हणाला, "तुमाले कोनं सांगतलं?" त्यांनी उजवं पायडल पुढे केलं, तेच एक झिजलेलं होतं. "नवं पायडल आज नाही देत. पह्यले गुडघा दाखव, मंग ये." दयाराम चिडला, पण गेला, आणि गुडघा वेळेवर सावरला. तेव्हापासून तो उरकुडाजींचा भक्त. माणसानं भक्ती करावी, पण किती, हे त्याला कळलं नाही. मलाही नाही.

ह्या दुकानाचा एक नेम होता. सायकल दुरुस्त झाली की मालकानं ती लगेच घेऊन जायची नाही. आधी चिंचेपासून हातपंपापर्यंत आणि परत, उरकुडाजींच्या समोरून चालवून दाखवायची. दाखवायची म्हणजे ऐकवायची, कारण ते तेव्हा डोळे मिटून बसत. चेन, छर्रे, मडगार्ड सगळं कानानं तपासत. चाक जराही वाकडं फिरत असेल तर रिंग ब्रेकच्या रबराला घासते. सायकलवाले त्याला आऊट म्हणतात. उरकुडाजींना आऊट ऐकू आला की कानामागची चावी हातात येई, आणि मालकाची पुढची पॅसेंजर चुकली तरी ते सोडत नसत. एका पुढाऱ्याला त्यांनी तीनदा फिरवलं होतं. तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही काही." उरकुडाजी म्हणाले, "तुमाले आमचं कधी ऐकू येते?"

मी त्यांच्या कानासमोरून वर्षानुवर्षं गेले. लग्न झालं, लेक झाला, तो पुढच्या दांड्यावरच्या छोट्या सीटवर बसून मोठा झाला. लाल सायकल विकत घेण्याइतका पगार कधीच झाला होता, पण ती घ्यायचं राहून गेलं. दरवर्षी धानाची रोवणी आटोपली, बांधीतला चिखल घेऊन साऱ्या पंचक्रोशीच्या सायकली त्यांच्याकडे आल्या, की त्यात म्हैसही असे.

पन्नाशी उलटल्यावर कधीतरी माझ्या ध्यानात आलं की सीटच्या पाइपावर बारीक रेघा आहेत. एकाखाली एक, बोट बोट अंतरावर. उरकुडाजी दर रोवणीनंतर माझी सीट न विचारता खाली करत होते. मला राग आला. मी तशी ताठ चालणारी बाई.

"मी म्हातारी झाले असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही वो बाई," ते सीट पुसत म्हणाले. "तुमी तं तशाच आहा. जमीन वर येऊन राहिली."

मी निवृत्त झाले. यजमान गेले. मुलानं मला कुडव्याला आणलं, आणि म्हैस मागे उरकुडाजींच्या शेडमध्ये राहिली. महिन्या दीड महिन्यानं मी सकाळच्या पॅसेंजरनं सौंदडला जायची, हातपंपापर्यंत एक फेरी मारायची, भागरताबाईच्या हातचा चहा घ्यायची आणि परत यायची. मुलगा विचारायचा, सौंदडला आता आपलं कोण आहे? मी सांगायची, म्हैस आहे.

अशाच एका खेपेला उरकुडाजींनी घमेल्यातलं पाणी माझ्या पायावर ओतलं. मी तिथं उभी आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. भागरताबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. काचबिंदू. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की उशीर झाला, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबानं सांभाळा.

"कसं दिसतं?" मी त्यांना विचारलं.

"सीटच्या पायपातून पाह्यल्यावानी दिसून राहिलं," ते म्हणाले. "मधातलं दिसते. बाजूचं सारं गेलं."

"मग आता दुकान?"

"हात आहेत, कान आहेत. पन एक सांगून ठेवतो, बाई. ज्या दिवशी माह्या हातून वाकडं चाक बाहेर जाईन, त्या दिवशी टिन लावून घेईन. लोकाच्या जीवासंग खेळाचं नाही." मग म्हणाले, "त्याच्या अगुदर तुमची सायकल पुरी ओव्हरऑइल करून देतो. कुडव्याले घेऊन जा. तिथं चालवा. उभी राहून राहून ते मरन."

भागरताबाई शेडला लागलेल्या घरात चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं नंतर हलक्या आवाजात मला म्हटलं, "दुकान बंद झालं तं हा मानूस कोनत्या भिंतीकडे तोंड करून बसन वो?"

पुढे पायपाचं भोकही लहान होत गेलं. मी दिवाळीच्या आधी पुन्हा गेले तेव्हा धान पिवळं झालं होतं, आणि उरकुडाजी माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत होते, माझ्याकडे नाही. पण चिंचेखाली म्हैस उभी होती. धुतलेली, पुसलेली, जाळीची एकेक तार ओवून नवी केलेली. मावशीनं पाहिली असती तर ओळखली नसती, किंवा फक्त तिनंच ओळखली असती.

मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी दयारामनं मला पानठेल्यामागे ओढलं. तोही आता केस पिकलेला गृहस्थ. त्याच्या हातात पाना होता.

"बाई, अगुदर ब्रेक ढिले करून घ्या."

"काऊन?" माझ्याही तोंडून 'का'ऐवजी तेच निघालं.

त्यानं सांगितलं. पोळ्यापासून उरकुडाजींच्या हातून चाक सरळ होत नव्हतं. पहिल्यांदा हे दयारामच्याच सायकलीला झालं. आता फेरी मारायची, रिंग घासणार, उरकुडाजी ऐकणार आणि दुकान बंद करणार. म्हणून त्यानं गुपचूप ब्रेकचे नट ढिले केले. रबर रिंगपासून दूर गेले, घासणं बंद झालं. तो समोरून गेला, उरकुडाजी डोळे मिटून म्हणाले, "बेस." मग त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता सारा गाव ब्रेक सोडून त्यांच्या कानासमोरून जात होता. काहीजण नंतर दुसरीकडे जाऊन चाक नीट करून घेत, बरेचसे तसेच फिरत.

"आणि ब्रेक?"

"चप्पल आहे ना, बाई."

मी चौतीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. भागरताबाईचं वाक्य माझ्या कानात होतं. मी पाना घेतला.

उरकुडाजी लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते. त्यांनी डोळे मिटले. मिटायची आता गरज नव्हती, पण नेम तो नेम. मी बसले. म्हैस पाण्यावरून गेल्यासारखी गेली. हातपंपाला वळसा घातला, परत निघाले. त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता. लग्नात वरबापाचा असतो तसा, खूश पण खूश दिसायचं नाही असा.

"बेस," ते म्हणाले. आणि मी समोरून निघून जाणार एवढ्यात त्यांनी हात वर केला. "थांबा, बाई, थांबा! सीट राहिली ना ह्या वर्षाची!"

दरवर्षीचं ते एक बोट. मी सवयीनं ब्रेक दाबले. ब्रेकच्या दोन्ही दांड्या हँडलला चिकटल्या आणि सायकल चालतच राहिली. तिथं उतार आहे, अंगणात मुरूम टाकलेला. मी दोन्ही पाय खाली टाकले. चपला मुरमावर फराफरा ओढत गेल्या, पुढचं चाक घमेल्यावर धडकलं, पाणी अंगावर उडालं, आणि सत्तर वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका एका पायावर उभी राहिली.

कोणी हसलं नाही. दयाराम पानठेल्यातच खाली बसला.

"बाई," उरकुडाजी म्हणाले, "चप्पल काऊन घासली?"

माझा हात डोक्याकडे गेला. फूल सारखं करायला केसांत फूलही नव्हतं.

ते उठले. हात पुढे करून आले, हँडल सापडलं, हँडलवरून बोटं ब्रेकच्या सळीवर उतरली, सळीवरून नटावर. "हा नट मी कसला होता," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी पाना त्यांच्या हातावर ठेवला. दोन्ही ब्रेक त्यांनी होते तसे कसले, सायकल स्टँडवर घेतली, मागचं चाक हातानं फिरवलं.

खर्र. खर्र. खर्र.

चाक थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून," मी सांगितलं.

"सारेच?"

भागरताबाई दारात येऊन उभी होती. मला वाटलं, आता हे रडतील, आणि मी समजूत घालायची तयारी केली होती. शिक्षिकेला तेवढंच येतं.

"बिना ब्रेकच्या सायकली," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "दोन महिने. माह्या दुकानातून निंगालेल्या. शाळा सुटल्यावर पोट्टे कसे रस्त्यावर येतेत, तुमाले तं मालूम होतं ना, बाई? कोनाचं लेकरू आडवं आलं असतं तं?"

आम्ही त्यांचं मन जपत होतो. माझ्यासकट एकालाही दुसऱ्या कोणाच्या लेकराची आठवण झाली नव्हती. चौतीस वर्षं ज्या लेकरांचे हजेरीपट मी ठेवले, त्यांची.

"मले आंधळा म्हनले असते तं चाललं असतं," ते म्हणाले. "तो मी आहोच."

कानामागची चावी त्यांनी काढली, पुसली आणि भागरताबाईच्या हातात दिली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली. पाना मात्र हातातच ठेवला. "दयाराम," त्यांनी हाक मारली, "ज्याच्या ज्याच्या सायकली आहेत, साऱ्यायले बोलव. आत्ताच्या आत्ता. चाक दुसरीकडून सरळ करून घेजा म्हना. पन ब्रेक मी कसून देतो. ब्रेक कसायले डोळे नाही लागत."

मग त्यांना काहीतरी आठवलं. माझ्या सायकलीकडे वळले, सीटचा नट सैल केला, पाइपावर बोट आडवं ठेवून मोजलं आणि सीट खाली केली. पान्याच्या टोकानं रेघ ओढली. ती रेघ थोडी तिरपी आहे. बाकीच्या सगळ्या सरळ आहेत.

"जाव आता," ते म्हणाले. "गाडीचा टाइम झाला."

दुपारची पॅसेंजर आली तोवर शेडसमोर रांग लागली होती. वीसेक सायकली, आणि प्रत्येकीजवळ मालक, मान खाली. त्यांतले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले; छडी खाल्ल्यावर उभे राहायचे तसेच उभे होते. उरकुडाजी उकिडवे बसून एकेक चाक उचलत होते, नट कसत होते, चाक फिरवून घासणं ऐकत होते, आणि दुसऱ्याकडे सरकत होते. नंतर दयारामनं धानाच्या टेम्पोत म्हैस कुडव्याला पोचवली तेव्हा सांगितलं, शेवटची सायकल झाल्यावर त्यांनी टिन लावलं. माघात ते गेले. मला कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती दुपारच आहे. गाडीनं शिटी दिली. खिडकीतून मला शेड दिसत होतं. शिटी ऐकून उरकुडाजी थांबले, पाना डाव्या हातात घेतला, उठून गाडीकडे तोंड केलं आणि उजवा हात वर करून हलवला. माझ्या डब्याकडे नाही. दोन डबे पुढे. मी ओरडले, "उरकुडाजी, इकडे!" पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ते हात हलवत राहिले. आणि दोन डबे पुढच्या कुठल्याशा खिडकीतून, देव जाणे कोणाचा, एक बांगड्यांचा हात बाहेर आला आणि त्यांच्या दिशेनं हलून आत गेला.